दोन डाव्या बाह्या

"मास्तरीणबाई, म्हणजे तुम्ही दोनदा जाणार आणि एकदाही परत येणार नाही?" इस्त्रीकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला, दोन्ही तिकिटं खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि वाफेनं ओलसर झालेल्या बोटानं एकेक ओळ परत वाचली. जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं होती. काजं करणारी पोरगी डब्याचं झाकण चाटत होती, ती तशीच थांबली. कारखान्यातल्या सगळ्या मशीन बंद होत्या, त्यामुळे काकांचं वाक्य नको इतकं स्पष्ट ऐकू आलं, भिंतीशी टांगलेल्या हॉटेलच्या वाढप्यांच्या चाळीस कोटांनीसुद्धा ऐकलं असावं. "सात तारखेला इथून तिथं. दहा तारखेला पुन्हा इथून तिथं. मध्ये परत यायला काय पंख लावणार?" पोरगी खो खो हसली. मास्तरीणबाईही हसली, कारण हसण्यासारखंच होतं. आणि हसता हसता आत कुठंतरी काहीतरी सैल झालं, ताणून धरलेला दोरा कुणी कापावा तसं. चला, सुटलो. आता जाणं होत नाही. हे मनात इतक्या चटकन आलं की तिनं दचकून इकडेतिकडे पाहिलं, आपण मोठ्यानं तर नाही ना बोललो.

तिकिटं हातात घेऊन ती आपल्या टेबलाशी आली. सोळा फूट लांबीचं, वर गुळगुळीत पत्रा ठोकलेलं हे टेबल म्हणजे तिचं राज्य. गेली अठ्ठावीस वर्षं ती याच टेबलावर कापड बेतत आणि कापत होती. कापणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून तिला मास्तरीणबाई. खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं. दोन्ही तिकिटं तिनं पत्र्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि वरून पाहिलं, कापलेले तुकडे तपासतात तसं. अगदी एकसारखी. सुटण्याचं ठिकाण तेच, पोचण्याचं ठिकाण तेच, फक्त तारीख वेगळी. चूक तिकीट काढून देणाऱ्या मुलीची नव्हती. तिथं दोन चिठ्ठ्या भरून द्यायच्या होत्या, एक जाण्याची, एक येण्याची. पहिली तिनं मन लावून भरली होती. मग ती डावीकडे ठेवून, तिच्यावर बघून बघून, दुसरी लिहिली होती. तिचा हात आयुष्यभर हेच करत आला होता: नमुना ठेवायचा आणि तसाच दुसरा उतरवायचा. नमुना पालथा घालायचा राहिला. हे शब्द मनात उमटले मात्र, आणि तिचा हसरा चेहरा टेबलाच्या पत्र्यात अंधुक दिसत होता तो तिथंच विझला. पालथा घालायचा राहिला. देवा, पुन्हा?

स्कँडिनेव्हियातली ती राजधानी घरात कुणी नावानं घेत नसे. ते 'ताईचं गाव' होतं. तिची थोरली बहीण छत्तीस वर्षांपूर्वी तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला गेली आणि तिथलीच झाली. चौदा बेटांवर वसलेलं, पुलांनी टाचलेलं, उन्हाळ्यात सूर्य झोपायला जायचं विसरतो असं ते शहर तिनं फोटोंतून, पत्रांतून आणि अलीकडे फोनच्या पडद्यावरून इतकं पाहिलं होतं की डोळे बांधून सोडलं असतं तरी ती धक्क्यापासून ताईच्या दारापर्यंत पोचली असती. फक्त कुणी सोडत नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर तीच कुणाला सोडू देत नव्हती. ताईनं पहिल्यांदा बोलावलं तेव्हा कारखान्यात नर्सांच्या कोटांची मोठी मागणी आली. दुसऱ्यांदा नवऱ्याचा पाय मोडला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना नव्हे, घरी बल्ब बदलताना. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसानं स्टुलावरून पडावं, याचं त्याला प्लास्टरपेक्षा जास्त दुःख झालं होतं. तिसऱ्यांदा काही कारणच सापडेना, तेव्हा पासपोर्ट सापडेना. तो पुढं आठ महिन्यांनी नमुन्यांच्या कपाटात, 'बाही, पुरुष, मोठी' असं लिहिलेल्या पाकिटात निघाला. नवरा म्हणाला, "अगं, हा काय स्वतः चालत गेला तिथं?" या वसंतात मात्र ताईनं फोनवर अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं, "हे घर मी पानगळीच्या आत सोडतेय. चार जिने चढवत नाहीत. नवीन जागेत एक खोली आहे, बरी आहे, पण तिच्या खिडकीतून भिंत दिसते. माझ्या या खिडकीतून पूल दिसतो तो तुला दाखवायचा होता. या उन्हाळ्यात आलीस तर आलीस. चौथ्यांदा विचारतेय, पाचव्यांदा नाही विचारणार. रागानं नाही गं. मोजूनच विचारायचं असतं, नाहीतर समोरच्याला फार होतं."

म्हणून तिनं बेत आखायला घेतला होता. बेत म्हटल्यावर माणसं वही घेतात. तिनं कारखान्यातला खाकी कागद नेला. स्वयंपाकघराच्या फरशीवर तो अंथरून गुडघ्यांवर बसली, लाकडी पट्टी, खडू आणि शिसपेन्सिल घेऊन. तीन दिवस. पहिला दिवस: धक्का, जुन्या पेठेतल्या अरुंद गल्ल्या, घड्याळाचा मनोरा. दुसरा दिवस: बोटीनं मोठं उद्यान, संग्रहालय, परतीची बोट. तिसरा दिवस: पूल, बाजार, ताईचं धुलाईघर बाहेरून. दर दोन गोष्टींच्या मध्ये तिनं शिलाईला सोडतात तशी माया सोडली होती. बोट चुकली तर पंधरा मिनिटं, पाऊस आला तर वीस, ताईचा गुडघा दुखला तर अर्धा तास. नवरा चहाचा कप घेऊन कागदाभोवती प्रदक्षिणा घालत म्हणाला होता, "तू दिवसांना इतकी माया सोडलीस की मध्ये दिवसच उरला नाही." मग वाकून त्यानं बारीक अक्षर वाचलं आणि त्याला ठसकाच लागला. "'ताईशी बोलणे, पाऊण तास.' अगं, छत्तीस वर्षांनी भेटणार आणि पाऊण तास? इतकं तर आपण दूधवाल्याशी बोलतो!" ती म्हणाली, "बघायला खूप आहे तिथं." कीर्तनकार कसा मूळ कथेला हात घालायच्या आधी दहा दाखले देतो, पण श्रोत्यांना ठाऊक असतं की बुवा शेवटी तिथंच येणार, तिचा बेत उलटा होता. तिला दाखल्यांतच तीन दिवस काढायचे होते. मूळ कथेपाशी कुणी येऊच नये म्हणून तिनं एवढी बेटं, एवढ्या बोटी रांगेनं उभ्या केल्या होत्या.

मूळ कथा एका कोटाची होती. ती तेव्हा वीस वर्षांची, शिवणकामाच्या वर्गात कापड बेतायला नुकतीच शिकलेली. आई नव्हती. ताईनंच हिला वाढवलं, शाळेत घातलं, केस विंचरले. रस्ता ओलांडायचा तर ताई पुढं आणि ही मागं, ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं मुठीत गच्च धरून. म्हणून ताई हिला शेपटी म्हणायची. त्या ताईला थंडीच्या मुलखात कामाला जायचं होतं आणि अंगावर घालायला धड कोट नव्हता. शेपटीनं जाहीर केलं, कोट मी शिवणार. कुठूनसं राखी लोकरीचं कापड मिळालं, जाड, एका बाजूनं मऊ लव असलेलं, त्यामुळे सुलट-उलट सांभाळायची. पन्हा कमी. दुमडून एकदम दोन बाह्या निघेनात, म्हणून एकेक बाही वेगळी बेतली. बाहीला पुढचा मागचा असतो हे ज्यानं कधी कापलं नाही त्याला माहीत नसतं. पुढच्या बाजूला गोलावा अंमळ खोल, कारण देवानं माणसाचे हात पुढं आणायला दिलेत, घ्यायला, द्यायला, जोडायला. एक बाही बेतली की दुसरीसाठी कागद पालथा घालायचा, इतकंच. तिनं कागद उचलला, खालच्या कापडावर तसाच ठेवला, खडू फिरवला आणि कापलं. दोन डाव्या बाह्या. शिवताना शंका आली होती, खांद्याशी मुंढ्याच्या गोलात ती बाही बसेना. तिनं ओढूनताणून, चुण्या घालून बसवली. वेळ नव्हता. शेवटचं बटण तिनं विमानतळाकडे जाताना टॅक्सीत लावलं.

तेव्हा निरोप द्यायला गच्चीवर जाता येत असे. भर उकाड्यात ताईनं तो कोट घातला, कारण पेटीत जागा नव्हती. डावा हात सुरेख गेला. उजवा गेला, पण गेल्यावर मागं वळून राहिला. कोपर पुढं येईचना. ताईनं एकदा खांदा हलवला, एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. आणि हसली. "थंडीला काय कळतंय गं, उजवा कुठला नि डावा कुठला!" बस. मग ती उन्हातून विमानाकडे चालत गेली, डाव्या हातात पेटी. शिडीशी वळली. हात हलवायला उजवा हात वर केला. तो अर्ध्यावर आला आणि थांबला. कोटानं धरला. छत्तीस वर्षं तो हात तिच्या डोळ्यांसमोर अर्ध्यावरच होता. लोक आपल्या माणसांना आठवतात तेव्हा चेहरा आठवतो. तिला कोपरात अडकलेली ती राखी बाही आठवे. त्यानंतर तिनं हजारो बाह्या कापल्या. प्रत्येक कागदावर दोन्ही बाजूंना, 'डावी', 'उजवी' असं ठळक. हाताखालच्या पोरी हसत, "मास्तरीणबाई, आम्हाला कळतं हो!" ती म्हणे, "कळतं म्हणणाऱ्यांचंच चुकतं." आणि ताईनं फोनवर, पत्रात, कधी, एकदाही त्या कोटाचं नाव काढलं नव्हतं. हेच तर भयंकर होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर फिटलं असतं. गेल्या वर्षीपासून ताईचा उजवा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. डॉक्टर म्हणाले वय. तिला मात्र वाटे, नाही, ते मी केलंय. मनाला कोण समजावणार. मन म्हणजे बिनखुणेचा नमुना, कसंही ठेवा, बसतोच.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मशीन एकामागून एक सुरू झाल्या, आणि त्या घरघरीत तिला बरं वाटलं. दुपारभर तिनं नर्सांच्या कोटांचे मुंढे कापले. कात्रीचं पातं पत्र्यावरून सरकताना गार आवाज करत होतं. मध्येच ती थांबली आणि आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. डावा. उजवा. एकच नमुना, एकदा सुलट, एकदा पालथा. देवसुद्धा कटरच की. आणि केवढ्या कोटी जोड्या कापल्या, एकदाही विसरला नाही. तिनं तळवे एकमेकांवर ठेवले. अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी, काठाला काठ. दोन डावे हात असते तर जोडता आले नसते. नमस्कार करता यावा म्हणूनच बहुधा त्यानं दुसरा पालथा घातला. हा विचार तिला इतका आवडला की ती तशीच उभी राहिली, आणि पलीकडून इस्त्रीकाका ओरडले, "बाई, आत्तापासून हात जोडू नका, विमान पडत नाही!"

चारला रजा टाकून ती तिकिटांच्या दुकानात गेली. कोपऱ्यावरचं दुकान, काचेवर विमानाचं चित्र, विमानाचं शेपूट उन्हानं उडालेलं. आतली मुलगी तिकिटं पाहून ओशाळली. "काकू, मला तेव्हाच वाटलं होतं. पण म्हटलं, मधलं परत यायचं यांनी दुसरीकडून बघितलं असेल. लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडा." पोरगी मनानं चांगली होती, लगेच खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. मग पडद्यावर बघत म्हणाली, "दोन वाटा आहेत. दोन्ही रद्द करून टाकायची, मग परत सगळं नव्यानं. पण या उन्हाळ्यातलं मिळेल असं मी सांगत नाही, सगळं भरत आलंय. नाहीतर पहिलं तसंच ठेवायचं, आणि दुसरं उलटवून घेते, तिथून इथं. तारीख तुम्ही सांगाल ती. फक्त मला उद्या दुपारपर्यंत कळवा." उलटवून घेते. किती सहज म्हणाली. "रद्दच कर" हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर, तोंडात धरलेल्या टाचणीसारखे टेकले होते. बोलायला तोंड उघडावं तर टाचणी पोटात जायची. "उद्या सांगते," ती म्हणाली आणि बाहेर आली.

घरी नवरा लवकर आला होता. रेडिओवर कुणी भजन गात होतं आणि तो बटाटे सोलत ठेका धरत होता, सालं सगळी समेवर पडत होती. तिनं तिकिटं दाखवली. त्यानं ती पाहिली, आणि आधी सुरी खाली ठेवली, मग हसला. हसताना हातात सुरी असू नये एवढा तो शहाणा होता. "हे बघ," तो म्हणाला, "वर जाणं आणि खाली येणं दोन्ही जमतं, तिला लिफ्ट म्हणतात. नुसतंच वर जाणं, त्याला मोक्ष म्हणतात. तू कुठलं तिकीट काढलंस?" ती हसली नाही हे पाहून त्यानं रेडिओ बारीक केला. "काय झालं?"

"काकांनी वाचून दाखवलं ना, तेव्हा मला आनंद झाला. सुटल्यासारखं वाटलं."

त्यानं हातातला बटाटाही खाली ठेवला. मग म्हणाला, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं काय करतात माहीत आहे? आधी बटणं दाबतात, मग भांडतात. वर कळवायचं सोडून. फोन आहे आत, भिंतीवर. तो कुणी उचलतच नाही." आणि उठून त्यानं तिच्यासमोर फोन आणून ठेवला, सालांच्या ढिगाशेजारी. "तिलाच सांग. नाही येत म्हणायचं असेल तरी तिलाच सांग. मी आहे इथं. हवं तर नाही."

"असा," ती म्हणाली. "पण बोलू नका."

तिकडे अजून लख्ख ऊन होतं. पडद्यावर आधी खिडकी दिसली, मग ताई. पांढरे केस, नाकावर चष्मा, मांडीवर कसलीशी खोकी. "बोल शेपटे. बेत झाला का माझ्या गावाचा? की अजून कागदच कापतेयस?" तिनं तिकिटांची गोष्ट सांगितली, गंमत म्हणून सांगायला सुरुवात केली, ताई हसली, इतकी की खांदा धरून 'आई गं' म्हणाली. त्या 'आई गं'नं तिचा सगळा बेत कोलमडला. सगळी बेटं बुडाली, बोटी गेल्या. तिनं पाहिलं की आपण रडतोय आणि बोलतोयसुद्धा. "ताई, मी नाही येत. मला नाही येववत. तुझा हात. तो कोट. दोन्ही बाह्या डाव्या होत्या गं. मी कागद पालथा घालायला विसरले. तुला हात पण हलवता आला नाही. मी बाही कापून ठेवलीय, उजवी, तशाच कापडाची, किती वर्षं झाली, कपाटात आहे. पण ती घेऊन कुठल्या तोंडानं येऊ, छत्तीस वर्षांनी एक बाही घेऊन?" रेडिओवरचं भजन बारीक आवाजात एकटंच चाललं होतं.

मग पडदा हलला, छत दिसलं, एक दार दिसलं, आणि फोन कशालातरी टेकवून ठेवला गेला. ताई परत आली तेव्हा तिच्या अंगावर तो कोट होता. उन्हाळ्यात. राखी, कॉलरशी झिजलेला, डाव्या कोपराला चामड्याचं ठिगळ. उजवी बाही तशीच, चुण्यांसकट, मागं वळलेली.

"हा अजून आहे?" तिच्या तोंडून निघालं.

"खोक्यात भरत होते म्हणून हाताशी सापडला. कुठं जाणार? इथं आले तेव्हा एक अक्षर भाषेचं येत नव्हतं. धुलाईघरातून सुटले की पुलावरून चालत यायचं. वारा असा, की माणूस मेणबत्तीसारखा विझावा. आणि हा हात बघ," ताईनं उजवं कोपर दाखवलं, "हा सारखा मागं ओढलेला. पहिल्या आठवड्यात तुला मनातल्या मनात पुष्कळ बोलले मी, नाही असं नाही. तुझ्या मास्तरांनाही बोलले. मग एक दिवस रस्ता ओलांडायला थांबले होते. बर्फ होतं. आणि वाटलं, मागून कुणी हात धरलाय. दोन बोटं. गच्च. तू धरायचीस ना, तस्सा. मी मागं वळून पाहिलं गं. वेडीच. तिथून पुढं मी एकटी कधी रस्ता ओलांडलाच नाही. धुलाईघरात एक शिवणारी होती, ती म्हणाली, दे, अर्ध्या तासात बाही बदलून देते. मी दिला नाही. म्हटलं, बाही नाही ती, माझी बहीण आहे. तिला वाटलं आमच्याकडे बहिणीला असंच काहीतरी म्हणतात."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू नाव काढलं नाहीस. मला वाटलं, तुला कळलंच नाही चुकलंय ते. कशाला पोरीचा उत्साह घालवा. पुढं तू मास्तरीण झालीस, मग तर कसं सांगणार? मास्तरणीची अब्रू!" आणि दोघी एकदम हसल्या, आणि तिच्या लक्षात आलं की दोन बहिणींनी एकाच गोष्टीवर छत्तीस वर्षं, समुद्राच्या दोन काठांवर, एकमेकींच्या दयेपोटी तोंड मिटून धरलं होतं. केवढी ही माया, आणि केवढी फुकट. ताई कोटाच्या गुंड्या काढत म्हणाली, "आणि खांद्याचं म्हणशील तर, चाळीस किलोच्या ओल्या चादरी तू नाही उचलल्यास, मी उचलल्या. माझ्या दुखण्याचं श्रेय घेऊ नकोस. बाहीबिही काही आणू नको. तू ये. आणि ऐक, तुझ्या त्या कागदावर पाऊण तास लिहिलाय म्हणे माझ्याशी बोलायला?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घाईघाईनं बटाटे सोलू लागला. होते तेवढे सगळे मघाशीच सोलून झाले होते.

सकाळी ती कारखान्यात जायच्या आधी फरशीवर तो खाकी कागद पुन्हा अंथरून बसली. काय काय खोडायचं ते बघत होती. आणि तिला दिसलं की कागदाच्या डाव्या काठावर, उभ्या रेघेशी, तिच्याच हातानं एक शब्द लिहिलेला आहे: 'घडीवर'. लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पाठीचा किंवा छातीचा नमुना कटर कधी पूर्ण काढत नाही, अर्धाच काढतो. मधल्या रेघेवर 'घडीवर' लिहितो, कापड दुमडतो, त्या रेघेवर ठेवतो. कापून उघडलं की दुप्पट. हात सवयीनं लिहून गेला होता. तीन दिवस तिनं भीतीपोटी मोजून घेतले होते, आणि हातानं हळूच काठावर लिहून ठेवलं होतं की बाई, हे अर्धंच आहे. म्हणजे चुका करणारा हात तोच, आणि सांभाळून घेणाराही तोच. देवा, तुझं काही कळत नाही, पण बरं चाललंय. तिनं कागदाच्या दुसऱ्या बाजूला, कोऱ्या, तीन दिवस मोकळे सोडले. बोट नाही, मनोरा नाही. एका ठिकाणी फक्त लिहिलं, 'खिडकी'. कपाटातली उजवी बाही तिनं काढली, हाताभोवती गुंडाळून पाहिली. बिनचूक होती, खोट काढायला जागा नव्हती. मग घडी घालून ती नवऱ्याच्या अवजारांच्या पेटीत ठेवली, तेलकट पाने-पकडी पुसायला. लोकर पुसायला फार चांगली.

दुकानातल्या मुलीनं नवी चिठ्ठी पुढं केली. जुनी शेजारी होतीच. मास्तरीणबाईनं जुनी उचलली, पालथी घातली, आणि मग नवी लिहिली: कुठून, ताईचं गाव. कुठं, इथं. मुलगी म्हणाली, "तारीख दहाच ना?"

"तेरा," ती म्हणाली. "कापड उघडल्यावर जास्त निघालं."

मुलीला काही कळलं नाही; तिनं लोकांच्या भानगडीत न पडता तेरा घातली. यंत्रातून तिकीट गरम गरम बाहेर आलं. मास्तरीणबाईनं दोन्ही तिकिटं समोरासमोर धरली, एकाचं 'कुठून' दुसऱ्याच्या 'कुठं'वर आलं, आणि मग बॅगेत ठेवली. बाहेर ऊन पडलं होतं. रस्त्यापलीकडे नवरा उभा होता, कामावर जायला निघालेला, अवजारांची पेटी पायाशी, काय होतंय ते बघायला मान लांब केलेला. मध्ये गाड्यांची रांग. पायरीवर थांबून तिनं उजवा हात वर केला. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत, मग कोपर सरळ करून, बोटं पसरून, जाईल तितका वर. आणि हलवला, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तो घाबरला. दोन गाड्यांमधून, एका सायकलवाल्याच्या शिव्या खात, पेटी छातीशी धरून धावत आला. "काय गं? परत दोन्ही जाण्याचीच दिली?"

"नाही," तिचा हात अजून वरच होता, "सराव करतेय."